आईच्या हातून शिकलेला रोबो

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं निवृत्त मास्तरांच्या कानावर पडत होतं. आई कारखान्यात सर्किट बोर्डावर तारा जोडायची.

“तुझ्या जागी रोबो येतोय, आणि तूच त्याला शिकवतेस?”

“पंधरा दिवस माझ्या हातावर कॅमेरा होता गं. पठ्ठ्या झकास शिकला. फक्त प्रत्येक तारेआधी जरासा थांबायचा. इंजिनिअरबाईंना कारण कळेना.”

“मग?”

“मी थांबते म्हणून तोही थांबायचा. माझी बोटं थरथरतात ना, ती स्थिर होईपर्यंत.”

“कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“आणि मला आज सांगतेस?”

“तुझी परीक्षा होती, मग नवी नोकरी. बाईंना मात्र सांगावंच लागलं. वाटलं, आता घरी बसवतात. तर म्हणाल्या, मावशी, रोबोचं काम तुम्हीच तपासा, चूक तुमच्याइतकी कुणाला दिसणार? म्हणून तर चष्म्याचा नंबर काढायला आले.”

लेक आईकडे वळून बसली. मास्तरांनी उगाचच वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“हात दे इकडे.”

“अगं, आता बोलावतील आपल्याला.”

“बोलावू देत. तोवर धरते.”