विहिरीच्या कठड्यावरचा तांबडा आकडा

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य गांगुर्डे सर, व्यासपीठावरील मान्यवर, भूगोल मंडळाचे सभासद बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत चिमीला मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

आपण माझी इतकी स्तुती केलीत की नाशकाच्या थंडीतही या शालीत उकडायला लागलं! सरकारी सर्वेक्षणासाठी दोन वर्षं ओढ्यांतला गाळ उपसला, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला धाडलं. जमिनीत युरेनियम असलं तर त्याचा माग असा लागतो. इकडे काही सापडलं नाही. पाण्यात वावगं काही नाही, असा अहवालही आला. मग कौतुक कशाचं?

उद्या आम्ही नाशिक सोडणार, म्हणून आज सकाळी निफाडच्या वाटेवरच्या एका गावी, बौद्धवस्तीत निरोप घ्यायला गेलो. त्यांची विहीर ओस पडलेली. तपासायला पाणी घेतलं की कठड्यावर तांबड्या रंगाने बाटलीचा आकडा घालायचा, ही आमची पद्धत. तीच विहीर पुन्हा तपासायला घेतली जाऊ नये म्हणून. तिथल्या भागीबाई म्हणाल्या, "सरकारी मानसानं लाल खूण केली, तवाच समजलो. पानी इखारी हाय."

मग पाणी कुठलं? गावातल्या विहिरीचं. तिथे यांना दोर टाकू देत नाहीत. कुणी वरून ओतेल तेव्हा हंडा भरायचा. घरची विहीर असून ही पाळी कुणी आणली? मीच की! लाज वाटली हो मला.

आमच्या देवराम ड्रायव्हरने रॉकेलने आकडा पुसला. लोक म्हणाले, "आता झाकायला लागले." मी ओंजळभर पाणी प्यालो. भागीबाई हसल्या. "तुमी तर उद्या जानार. लेक हाय ना? तिला पाजाल का?"

पाणी चांगलं आहे, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक? तरी मी रुमाल काढून हात पुसू लागलो. क्षणभरच, पण बाईंनी ते पाहिलं. हंडा उचलून त्या गावाकडे चालू लागल्या.

नलू, हे घरी सांगायचा धीर झाला नाही. हवी तेवढी रागाव. पण उद्या स्टेशनवर जाण्याआधी चिमीला तिथे नेऊ. भागीबाईंसमोर तिला त्यांच्याच विहिरीचं पाणी पाजू. चालेल?

काय म्हणतेस? जरा मोठ्याने बोल.

मंडळी, ती म्हणतेय, उद्या कशाला? संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली, त्या बाया आत्ता गावातल्या विहिरीपाशी हंडे घेऊन उभ्या असतील.

खरंच की! अध्यक्षमहाराज, आपण सर्वांनी फार माया केलीत, मी ऋणी आहे. भाषण अर्धवट टाकतोय, चहाही घेत नाही, एवढं पोटात घाला. देवराम, जीप काढ.