बॉडी कोणतीही घ्या, फोटो माझाच

...आणि याही कॅमेऱ्यात फोटो कुणाचा? माझा! नाही, तुम्हीच सांगा, माणसानं करावं तरी काय? महिना झाला, आमच्या घरात कॅमेऱ्यांचा राबता आहे, एक जातो, दुसरा येतो, कुठला मित्राचा, कुठला भाड्याचा, आणि कॉम्प्युटरवर फोल्डर उघडावं तर मी, मी आणि मीच... खुर्चीत बसलेला मी, खिडकीपाशी उभा मी, अर्धा उजेडात अर्धा सावलीत मी, हातात पेपर धरून 'सहज' बसलेला मी. एवढे फोटो तर लग्न जमवताना काढले नव्हते हो! आणि मला माझे नकोच होते. मला अब्बांचा हवा होता. एक. फक्त एक.

सांगतो, नीट सांगतो. अब्बा म्हणजे माझे वडील. कसब्यात त्यांना सगळे चांदसाहेब म्हणतात. महापालिकेत ड्राफ्ट्समन होते, जन्मभर नकाशे काढले, भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं लटकलं असेल तर त्यांना घास उतरत नाही. घरात आम्ही दखनीच बोलतो, पण अब्बांचा राग मराठीत येतो, तोही ऑफिसातला, शुद्ध. "तौफिक, आपण जरा सरळ बसण्याची कृपा कराल का?" 'आपण' आलं की ओळखायचं, पारा चढलाय.

तर या माणसाला फोटोचा नाद. पूर्वी रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि तो रोल वर्षभर पुरवायचा! म्हणजे दोन्ही ईद त्यातच, गणपतीत शेजारच्या मांडवापुढे आम्ही पोरं तीही त्यातच, सिंहगड त्यातच, मी पास झालो तर एक माझा, नापास झालो तर तेवढा वाचला. आणि कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण? फोटो वाया जाईल. याचा परिणाम काय झाला, तर घरात अल्बमची ही चळत, आणि अब्बा एकातही नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचं, जिनतचं लग्न झालं, निघायची वेळ झाली, पोरगी रडत रडत बापाच्या गळ्यात पडायला धावली, तर हे डोळ्याचा कॅमेरा न काढता म्हणतात, "तिथंच थांब. तिथं उजेड चांगला आहे." थांबली हो बिचारी! तिथंच उभी राहून रडली. फोटो मात्र सुरेख आलाय, खोटं कशाला बोलू.

परवा माझी मुलगी अलिझा अल्बम चाळत होती. अब्बांना, म्हणजे आजोबांना, ती दादा म्हणते. चाळता चाळता मला विचारते, "अब्बू, तुम्ही लहान होतात तेव्हा दादा दुबईला होते का?" आता या पोरीला काय सांगायचं?

हे मी जिनतला फोनवर हसत हसत सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, अब्बांना पंच्याहत्तरावं लागतंय, त्यांच्या वाढदिवसाला मला त्यांचा एक चांगला मोठा फोटो हवा, आणि थोडा व्हिडिओही हवा, मोबाइलवरचा हलणारा नको, चांगल्या कॅमेऱ्याचा. मग जरा थांबून म्हणाली, "भाईजान, उद्या आपल्याकडे त्यांचं काय राहील? त्यांनी काढलेला सिंहगड?" मी म्हटलं, कॅमेराच घेतो.

आता कॅमेरा घेणं म्हणजे काही कांदे घेणं नाही. माझा मित्र सुदर्शन, हा लग्नांचे व्हिडिओ करतो, त्याला विचारलं. विचारलं हीच चूक. "भाऊ, तुझा यूज केस काय?" मी म्हटलं, माझा यूज केस अब्बा. "तसं नाही रे, स्टिल्स, म्हणजे फोटो, का व्हिडिओ? स्टिल्सला ही बॉडी, व्हिडिओला ती बॉडी, दोन्हीला घ्यायची तर कॉम्प्रोमाइज आलं. आतला सेन्सर लहान, क्रॉप घेतोस की मोठा, फुल फ्रेम?" हे लोक कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणत नाहीत, बॉडी म्हणतात. 'बॉडी आहे माझ्याकडे, रात्री घरी घेऊन जा!' असं तो चहाच्या टपरीवर ओरडून म्हणाला, लोक वळून बघायला लागले. शेवटी ठरलं की आधी दोन-चार बॉड्या घरी आणायच्या, अब्बांवरच वापरून बघायच्या, जिच्यात अब्बा चांगले येतील ती घ्यायची. किती सोपं!

पहिली आणली ती सुदर्शनची, हलकी, क्रॉप सेन्सरवाली. अब्बा खुर्चीत, इस्त्रीचा कुडता, टोपी, दाढी विंचरलेली... मी कॅमेरा डोळ्याला लावला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपराकडे पाहिलं. उठले. "इकडे दे. कोपर असं हवेत ठेवतात का? बस तिथं, दाखवतो." मी बसलो, त्यांनी दाखवलं, खटक, खटक, खटक... फोटो कुणाचा? माझा.

मग नारायण पेठेतून फुल फ्रेम भाड्यानं आणली. तिथले दुकानदार म्हणजे अर्क. मी विचारलं, अहो, अंधाऱ्या खोलीत फोटो चांगला येईल ना? ते मान वर न करता म्हणाले, "खिडकी असेल तर उघडून बघा आधी." असो. ती बॉडी वजनाला वरवंटा. पण काय फोटो येतो म्हणून सांगू, कानावरचे केस मोजून घ्या. हे मला कसं कळलं? कारण कान माझे होते! यावेळी अब्बा बसलेही होते चांगले, मी तर बटणावर बोटसुद्धा ठेवलं होतं, तेवढ्यात म्हणतात, "तुझ्या मागे खिडकी आहे, माझ्या चेहऱ्यावर उजेड छान पडत असेल, नाही?" मी म्हटलं, हो अब्बा, छान पडलाय. "कसा ते बघू तरी. तू इथं बस." संपलं! मी खुर्चीत, अब्बा कॅमेऱ्यामागे, फोटो माझा.

दाराआडून चोरून काढायचा प्रयत्न केला नसेल का मी? केला ना! पण डीएसएलआरचा खटका म्हणजे घरात पाटा पडल्याचा आवाज. शेजारच्या खोलीतून अब्बांचा आवाज येतो, "शटर स्पीड कमी ठेवलायस. हललाय तो." आणि हललेलाच असतो हो.

मग माझ्या डोक्यात आलं, व्हिडिओ! व्हिडिओला खटका नसतो. सुदर्शनची दुसरी बॉडी आणली, खास व्हिडिओची. तो म्हणाला, हिच्यात एकच भानगड आहे, व्हिडिओ लावला की आतला आरसा वर जातो, मग डोळा लावून काही दिसत नाही, सगळं मागच्या पडद्यावर बघायचं, आणि साधारण अर्ध्या तासानं आपोआप बंद पडते. मला काय, मला दोन मिनिटं पुरे होती. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, मागे स्टुलावर बसलो, रेकॉर्डिंग सुरू केलं, आवाज नाही की काही नाही, आणि अब्बांना म्हटलं, बसा, अजून सेटिंग चाललंय. ते खुर्चीकडे गेलेच नाहीत, थेट माझ्या शेजारी आले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नकाशावर मुठा नदी उलटी वाहवली आहे. "सेटिंगला एवढा वेळ? उठ."

उठलो. बसलो. सवयच लागली होती.

आणि अब्बा कॅमेऱ्याच्या त्या इवल्या खिडकीला डोळा लावतात तर आत मिट्ट काळोख. शटर दाबतात तर खटका नाही. झालं, चिडले. ही बॉडी आहे का भोपळा, मान वर कर, हसू नकोस, आपण हसलात की दोन हनुवट्या दिसतात... कॅमेरा खालीवर करून बघतायत, बोलतायत, आणि आत रेकॉर्डिंग चालूच. मागच्या पडद्यावर मी दिसतोय हे केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं, मग ते लेन्स फिरवून मला जवळ आणून बघायला लागले, आणि आवाज जरा खाली आला. म्हणाले, "कानाजवळ पिकलास की रे. मला दिसलंच नव्हतं." मग म्हणाले, लहानपणी तू फार हलायचास, रोलमधले निम्मे फोटो तुझ्यामुळे वाया गेले, पण एकही फेकला नाही, कपाटात आहेत. मी विचारलं, अब्बा, तुमचा कुणी काढला नाही का कधी? तर म्हणाले, "तुझ्या अम्मीनं काढला होता, लग्नानंतर, सारसबागेत. डोकं कापलं. ती इतकी रडली की मी म्हटलं, जाऊ दे, यापुढे मीच काढतो." जन्मभराचं कोडं होतं हो ते. मी खुर्चीत बसल्या बसल्या विरघळलो. तेवढ्यात कॅमेरा अर्ध्या तासाला बंद पडला, अब्बा म्हणाले, "मेला," आणि नमाजाला निघून गेले.

संध्याकाळी लावून बघितलं. अर्धा तास पडद्यावर मी! बावळटासारखा बसलेला मी! पण कॅमेऱ्यामागून सबंध वेळ ऐकू येतायत अब्बा. चिडणारे, खोकणारे, जीभ टाळ्याला लावून 'च्' करणारे... चेहरा तेवढा नाही, बाकी सगळे अब्बा. मला रडू आलं, सरळ सांगतो. मी जिनतला फोन केला, म्हटलं, मिळाले. स्टिल्सची बॉडी नको, व्हिडिओचीच घ्यायची. आणि घेतली.

वाढदिवसाला सगळे जमलो, टीव्हीला जोडून तो व्हिडिओ लावला. जिनत पदर तोंडाला लावून हसतीये आणि डोळे पुसतीये. अलिझा एकदा टीव्हीकडे बघते, एकदा दादांकडे. सारसबाग आली तशी अम्मी लाजली, या वयात! आणि शेवटी म्हणाली, "आलेत. अगदी हुबेहूब आलेत."

अब्बा मान खाली घालून ऐकत होते. एकदाही कुणाला 'सरळ बस' म्हणाले नाहीत. मला वाटलं, यांनाही भरून आलं. शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "आवाज फाटतोय. कॅमेऱ्याच्या आतला माइक असाच असतो. बाहेरून वेगळा लावावा लागेल. दोन-चार आणून तुलना करू."

तर सध्या घरी माइक येतायत. सुदर्शनचा एक, नारायण पेठेतून भाड्यानं एक. मी म्हटलं, अब्बा, तुम्ही बोला, मी ऐकतो. ते म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? मी ऐकतो." आता कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेत, आणि मी समोर खुर्चीत... सकाळपासून एक, दोन, तीन, चार म्हणतोय. फोटो तर माझे होतेच हो, आता आवाजही माझाच.