लोहाऱ्यातली चार्जिंग

चार्जिंगच्या गाडीचा विषय तुम्ही काढला म्हणून सांगतो. आमच्या सास्तुरात शेजारच्या सरूमावशी गेल्या, तेव्हा त्यांचा एकुलता एक दिनेश पुण्यात होता. "मी येईपर्यंत आईला ठेवा," एवढंच बोलला आणि गाडी घेऊन निघाला. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून आम्ही मयत ठेवायची फ्रीजरची पेटी भाड्यानं आणली.

दुपारपर्यंत पेटी चांगली चालली. मग बल्ब मंद झाला, पंखा रेंगाळला आणि पेटी बंद पडली. चालू केली की परत बंद. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "आपली लाइन लोहाऱ्यावरूनच यायलीय. तिथं गाड्या झटपट चार्ज करायची मशीन बसवलीय. तिला गाडी लागली की इथं टोकाला व्होल्टेज पडायलंय."

दिनेशचा फोन लागत नव्हता. वास सुटायला लागला तसे म्हातारे म्हणाले, "आता थांबू नका. तिचे हाल व्हायलेत."

दिनेश पोचला तेव्हा सरण पेटलं होतं. तो खाली बसला आणि मला म्हणाला, "दादा, थोडं थांबायचं होतं. लोहाऱ्यात गाडी चार्जिंगला लावली होती. पुढं दोन गाड्या होत्या, म्हणून उशीर झाला."

वायरमन शेजारीच उभा होता. तो काहीतरी बोलायला लागला तसा म्या त्याचा हात दाबला.

"ऊन लई होतं रं," म्या म्हणलं. "पेटीनं दम धरला न्हाय."

दिनेश अजून त्या उन्हालाच दोष देतो. आम्ही देऊ देतो.