गाणारी मुलगी

इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या भारतीय किराणा दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बहिणी उभ्या होत्या. धाकटीला मी लगेच ओळखलं. लहानपणी आम्ही दर रविवारी टीव्हीवर तिची विनोदी मालिका बघायचो. त्यात सरदेसाई कुटुंबाचा पॉप बँड होता आणि माइक धरून गाणारी त्यांची मुलगी म्हणजे ही.

"ताई, चॅनलचा फोन आला होता. मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुंबईत शो ठेवलाय. सगळ्यांनी स्टेजवर गायचंय."

"मग गा की, उर्वी."

"चेष्टा करू नकोस. तेव्हा गाणी तू गायलीस, मी नुसते ओठ हलवले. आताही तूच रेकॉर्ड करून दे ना."

"तेव्हा आई म्हणाली, आवाज तुझा चांगलाय, पण टीव्हीवर उर्वीच बरी दिसते. मी ऐकलं."

"आता आईला कशाला मध्ये आणतेस?"

"माझी रेवा यूट्यूबवर तुझे एपिसोड बघते. परवा मला म्हणाली, मम्मा, व्हाय कान्ट यू सिंग लाइक मावशी?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. तू सांग. त्या स्टेजवरूनच सांग, की गाणारी माझी बहीण होती."

"इतक्या वर्षांनी? लोक मला खोटारडी म्हणतील, ताई."

"मग मी गाणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"नो वरीज. चॅनलकडे दुसरी एक मुलगी आहे, हुबेहूब तुझ्यासारखी गाते. तू घरची म्हणून आधी तुला विचारलं."