उलट्या बसवलेल्या पट्ट्या

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य युवराज सर, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, प्राध्यापक मंडळी आणि मला इतकी वर्षं मामा म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

शाल-श्रीफळ मिळालं. एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो, त्याचं कौतुकही झालं. आभारी आहे.

सरांनी आत्ता काचेच्या कपाटातल्या सांगाड्याला कॉलेजचं भूषण म्हटलं. बावीस कोटी वर्षांपूर्वीचा सरपटणारा प्राणी, मानेपासून शेपटीपर्यंत हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. आपला प्लास्टरचा, खऱ्या जीवाश्मांचे साचे घेऊन केलेला. नऊ वर्षांपूर्वी मणके, बरगड्या मीच तारेनं जोडल्या. पट्ट्यांपाशी मात्र थांबलो. प्रत्येक पट्टीला बारीक खळगे, फक्त पुढची कड गुळगुळीत. ती कड आधीच्या पट्टीखाली सरकणार, कौलं बसवतात तशी. आमचं घराणं निमगाव केतकीत घरं शाकारणारं, एवढं मला कळत होतं. पण उद्घाटनाची घाई. सर तेव्हा विभागप्रमुख होते. त्यांनी कड न बघताच सगळ्या पट्ट्या उलट्या चिकटवल्या. मी म्हणालो, "सर, ह्ये उलटं बसलंय." सर हसले, "हिंदुराव, बघायला कोण येतंय?"

कोण येतंय? संस्कृती आली! सुप्याची पोरगी, दोन एसट्या बदलून यायची. मी तिला खरी रचना दाखवली. तिनं प्रात्यक्षिकात तशीच काढली. कपाटाशी जुळली नाही, म्हणून नापास. ती म्हणाली, "मामांनी दावलं, सर." मला केबिनमध्ये बोलावलं. सरांनी विचारलं, "हिंदुराव, तुम्ही शिकवलंत?"

निवृत्तीला तीन वर्षं होती. मी म्हणालो, "न्हाय सर. मला काय कळतंय त्यातलं?"

पोरगी तिथंच दारात उभी होती. वर्ष गेलं, घरच्यांनी कॉलेज बंद केलं. आता एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरते. रस्त्यात भेटली की अजून "मामा, बरं हाय का?" विचारते. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

आज तिला बोलावलं होतं. म्हणाली, "सुट्टी न्हाय मिळत, मामा. आन् आता काय उपेग?"

उपयोग मलाही माहीत नाही. पण सर, मीच शिकवलं होतं, आणि ते बरोबर होतं. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवतो. पट्ट्या फिरवायच्या की नाही, तुम्ही ठरवा.

संयोजकांनी एवढं केलं, त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या एका 'न्हाय'ची माफी मात्र तुमच्याकडं मागत नाही. ती जिच्याकडं मागायची, ती आत्ता कामावर आहे.