जाळी कोणी काढली?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले पाहुणे, आमच्या वृक्षविभागाचे प्रमुख साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे मेकॅनिक भोंगादादा, त्यांच्याशेजारी बसलेल्या वहिनी, आणि सभागृहातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी झाडं तोडणाऱ्या पहिल्या टोळीची प्रमुख. मला सांगितलं होतं, दोन शब्द बोला, गोड बोला. गोड शब्द पाठ करून आले होते. पण माझ्याआधी प्रमुख साहेब बोलले. भोंगादादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुका माणसाकडूनच होतात, आम्ही मोठ्या मनाने त्या विसरलो." टाळ्या पडल्या. तेव्हा माझं पाठांतर जे पळालं ते अजून परत आलेलं नाही. त्यामुळे आता जे तोंडी येईल ते ऐकून घ्यावं ही विनंती.

आमंत्रणात म्हटलंय, भोंगादादा प्रकृतीच्या कारणाने स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. प्रकृती? अहो, गेल्या आठवड्यात यांनी फवारणीच्या पंपाचं इंजिन एकट्याने उचलून टेबलावर ठेवलं! आणि स्वेच्छा कोणाची, ते सांगायलाच मी उभी आहे.

तर गोष्ट अशी. आमच्या चेनसॉ, म्हणजे साखळीच्या करवती, जुन्या झाल्या. ओंडक्यात घातल्या की धापा टाकायच्या. आम्ही नव्या मागितल्या. साहेब म्हणाले, "नव्या कशाला? आहेत त्यांचे सायलेन्सर मोकळे करा. धूर लवकर बाहेर पडला की मशीन आपोआप पळतं." साहेबांना यातलं कळत नाही असं कोणी समजू नये. ते स्वतः उमेदीत करवत चालवत होते, आणि चांगली चालवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे "मला काय ठाऊक" म्हणायची सोय राहू नये.

भोंगादादांनी विरोध केला का? छे! त्यांना तर हर्षच झाला. ते काही साधुसंत नाहीत. बढाईखोर आहेत, तापट आहेत, आणि त्यांचं कुजबुजणं रस्त्यापलीकडे ऐकू जातं, म्हणून तर हे नाव पडलं. त्यांनी एक सायलेन्सर खोलला, धूर बाहेर पडायचं भोक ड्रिलने मोठं केलं, कडा कानशीने घासल्या, आतला कीस झटकला. मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल थोडं वाढवलं, नाहीतर इंजिन तापून जाम झालं असतं. आणि दोरी ओढली. काय सांगू! करवत ओंडक्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. भोंगादादा अक्षरशः नाचले. मला म्हणाले, "ताई, म्हातारीला पाय फुटले बघा!"

पण त्याच दमात त्यांनी अट घातली. धुराच्या तोंडाशी बारीक जाळी असते. आतून उडणारी ठिणगी ती अडवते. "भोक मोठं केलंय, आता ही जाळी म्हणजे देवाची शपथ समजा," असं त्यांनी सगळ्या यार्डाला बजावलं. आणि आवाज वाढला म्हणून प्रत्येकाच्या कानाला संरक्षण मिळेपर्यंत एकही मशीन त्यांनी वर्कशॉपबाहेर जाऊ दिलं नाही.

आता जाळीचा एक त्रास असतो. तिच्यात काजळी साचते, साचली की मशीन पुन्हा रडतं. ती काढून ब्रशने घासावी लागते. एवढंच. पण साहेबांना तेवढाही वेळ घालवायचा नव्हता, कारण टेकडीमागचा रस्ता उद्घाटनाआधी मोकळा करून देतो असा शब्द त्यांनी वरच्यांना दिला होता. ते म्हणाले, जाळ्याच काढून टाका. भोंगादादा म्हणाले, "मी नाही काढणार. टेकडीवर गवत वाळून कडकडीत झालंय." केवढ्याने म्हणाले, ते यार्डातल्या प्रत्येकाने ऐकलंय. ज्यांनी ऐकलं ते आज इथे खाली माना घालून बसलेत.

मग वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि दादांनी रजा घेतली. त्या सकाळी साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले. पक्कड घेतली आणि दुसऱ्या टोळीच्या मशीनच्या जाळ्या उपटायला लागले. मी विचारलं, "साहेब, भोंगादादांना विचारलंत?"

"भोंगा काय माझा सासरा लागतो?"

माझ्या मशीनकडे हात आला तेव्हा मी ते पाठीमागे धरलं. "बाई, मागे पडाल," म्हणाले. म्हटलं, पडू द्या.

दुपारी टेकडी पेटली. दुसरी टोळी जिथे कापत होती तिथलं गवत आधी पेटलं, मग खालची रोपवाटिका. तिथे रोपांना पाणी घालणाऱ्या मावशी रबरी पाइप ओढायला धावल्या. पाइप वितळून त्यांच्या हातांना चिकटला. मावशी, तुम्ही पुढच्या रांगेत आहात. हात उंच करा म्हणणार नाही. ज्याला बघायचेत त्याने तुमच्यापाशी येऊन बघावेत.

आणि चौकशीत साहेबांनी काय सांगितलं? "मेकॅनिकने सायलेन्सर फोडले होते." वाक्य खोटं नाही हो! अर्धं आहे. अर्धं वाक्य पुऱ्या माणसाला कसं गाडतं ते मी तेव्हा पाहिलं. मग भोंगादादांना बाजूला घेऊन समजावलं, मुकाट्याने निवृत्ती घे, नाहीतर बडतर्फ होशील.

परवा मी यांच्या घरी गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, "घरात बोलतच नाहीत हो. शेजारी विचारतात, भाऊ परगावी गेलेत का?" आत गेले तर हा माणूस खिडकीशी बसलेला. म्हणाले, "ताई, राहू द्या. भोक मीच पाडलं ना? मावशींचे हात मीच भाजले असं आता मलाही वाटायला लागलंय."

साहेब, नोकरी घेतलीत ते एक वेळ समजू शकते. पण माणसाच्या मनात शिरून त्याला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलंत, याला माझ्याकडे शब्द नाही. जो आहे तो या व्यासपीठावर शोभणार नाही.

बसा साहेब. माझं संपत आलंय. अध्यक्ष महोदया, घंटी वाजवू नका, थोडकंच राहिलंय.

आज सकाळी मी, मावशी आणि दुसऱ्या टोळीतले दोघं करवतवाले चौकशी अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. त्या दोघांच्या देखत जाळ्या निघाल्या होत्या. इतके दिवस भीतीने गप्प होते, पण मावशींनी घरी बोलावून समोर बसवलं तेव्हा त्यांना गप्प राहवलं नाही. अधिकाऱ्यांनी आमचं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "चौकशी पुन्हा उघडतो. तोवर कोणाची निवृत्ती मंजूर होणार नाही."

तेव्हा भोंगादादा, फुलं घरी न्या, वहिनींना द्या. आज भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मात्र इथेच ठेवा, ते निरोपाचं आहे. उद्या सकाळी वर्कशॉप उघडा. दुसऱ्या टोळीच्या सगळ्या मशीनना जाळ्या बसवायच्या आहेत.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. पुन्हा देतील असं वाटत नाही, म्हणून दोनदा आभार. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर उदार मनाने क्षमा करावी. जे बोलले, त्यातलं मात्र काही उणं करून मागू नये.