मीनाचा पत्ता

माझं माहेर धावड्याचं, भोकरदन तालुक्यातलं, अन् जालना वेगळा जिल्हा झाला त्याच साली माझं लग्न झालं, मंग मी इथं बदनापूरला आले. मालक संशोधन केंद्राच्या शेतावर रोजंदारीनं जायचे, पुढं कायम झाले. मी अंगणवाडीत मदतनीस लागले, दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी खाऊ घालण्यात उमर गेली बघ. तर मालक कायम झाले तव्हा घरात फोन घेतला. गल्लीतला पहिला, अन् लई दिवस एकटाच.

मंग काय सांगू तुला, सगळ्या गल्लीनं माझाच नंबर लावला. पोरीच्या स्थळाचा कागद असो, नोकरीचा अर्ज असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, नंबर माझा अन् पुढं पीपी लिहायचं. पीपी म्हणजे फोन शेजाऱ्याचा अन् निरोप तुमचा. घंटी वाजली की मी तव्यावरची भाकर सोडून पळायची, अन् माणूस घरी नसला की मीच सगळं सांगायची, ते शेतात गेले, दिवेलागणीला येतील, त्यांची सून माहेरी गेली, तिकडचा पत्ता असा असा. कोण विचारतंय हे मी कधी विचारलं न्हाई. विचारणाऱ्याची सोय व्हावी, एवढंच. मालक म्हणायचे, चंद्रकला, तू घर चालवती का तारघर? मी म्हणायची, तुमच्या भावाला नातू झाल्याचं कुठं कळलं, ह्याच तारघरात ना? अन् पोरा, तुझा पण कालेजात नंबर लागल्याचा फोन इथंच आल्ता, तू चप्पल न घालता पळत आल्ता, आठवतं का?

आता मीनाचं सांगते. सांगू वाटत न्हाई, पण सांगते. शेजारच्या गंगूबाईची ही लेक, पंधरावी शिकलेली, तिकडं आष्टीला दिल्ती. नवरा शिकलेला, बोलायला लई गोड, पण घरात हात उचलायचा. दोन वर्षं काढली पोरीनं अन् निघून आली. तर तो इथं गल्लीत येऊन तमाशे करायला लागला. मंग ती जालन्याला खोली करून राहिली, एका दवाखान्यात लिहायच्या कामाला लागली, सरकारी परीक्षेचा अभ्यास करून राह्यली होती. मोबाइल बंदच करून टाकला तिनं, त्याचे फोन यायचे म्हणून. खोलीचा पत्ता तिच्या मायबापाला ठाऊक अन् मला. बस.

परीक्षेची पुस्तकं तिला जालन्यात मिळेनात. नेट कॅफेत बसून तिनं कॉम्प्युटरवरून मागवली. मंग दवाखान्यातल्या फोनवरून मला म्हणली, काकू, पत्ता तुमच्या घरचा टाकलाय, नंबर बी तुमचाच, पार्सल आलं की आईकडं द्या. किती जपून चालायची पोर.

चार दिवसांनी एक फोन आला. मावशी, मी पार्सलवाला बोलतो, मीनाताईंची तीन पुस्तकं आलीत. पुस्तकांची नावं बी बराबर सांगितली त्यानं. म्हणला, आमची गाडी बदनापूरला येत न्हाई, माल वापस जाईल, ताई सध्या राहतात तिथला पत्ता असला तर आजच पोचवतो, परीक्षा जवळ आली असेल ना त्यांची? मला वाटलं, किती चांगला माणूस, पोरीच्या परीक्षेची काळजी करतोय. मी सांगितलं. गल्ली सांगितली, घरमालकिणीचं नाव सांगितलं, वरच्या मजल्यावर जिना बाहेरून हाये हे बी सांगितलं. वरून म्हणलं, जल्दी जा बाबा, दहाला कामाला जाते ती.

तो नवराच होता.

आता तू म्हणशील, त्याला पुस्तकांची नावं कशी कळली? तिचा ईमेल लग्नानंतर त्यानंच उघडून दिल्ता, त्याचा पासवर्ड बी त्यालाच ठाऊक. तिनं काही मागवलं की त्याची चिठ्ठी ईमेलवर येते म्हणं, ती ह्यानं वाचली. मला ह्यातलं काय कळतंय, तिनंच नंतर सांगितलं. म्हणली, काकू, सगळं झाकलं अन् तेवढंच राहिलं. मी म्हणलं, ते राहिलं तरी त्याला फक्त माझंच घर सापडलं असतं, पुढचं तर माझ्या तोंडानं झालं.

तीन दिवस तो जिन्याखाली उभा राह्यला. एकदा वर जाऊन हात पिरगाळला तिचा, शेजारचे धावले म्हणून सुटली. मालकीण म्हणली, बाई, तू चांगली हायस पण मला असलं नको, खोली सोड. दवाखानाबी सुटला. एका पहाटे ती गेली, कुठं ते फक्त मायबापाला माहीत. पुस्तकं खरी आली आठ दिवसांनी, तिचा बाप येऊन घेऊन गेला. दारातच उभा होता, मी चहा म्हणलं तर न्हाई म्हणला. गंगूबाई बोलते माझ्याशी, पण लेकीचं नाव निघालं की भांडी आवरायला उठते. मी काय म्हणू तिला?

आता गल्लीत सगळ्यांकडं मोबाइल हायेत, माझी घंटी फारशी वाजत न्हाई, अन् वाजली तर मी पहिलं विचारते, कोण तुम्ही? लोकांना राग येतो. येऊ दे.

मीनाचा फोन येतो कधीमधी. परीक्षा दिली म्हणली, एक वेळा नापास झाली, दुसऱ्या वेळेला लागली नोकरीला. मला रडू आलं. मी म्हणलं, जेवतीस का बराबर? मंग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणली, काकू, तुमच्यावर राग न्हाई माझा, आता तुम्हाला सांगते, मी इथं... मी मधीच बोलले, नको बाई. नको सांगू. तीस वर्षांची सवय हाये ह्या तोंडाची, कुणी गोड बोललं की सांगून मोकळं होतं. तू जिथं हायस तिथं सुखानं राहा, तुझी भरभराट होवो, पण गावाचं नाव माझ्या कानावर घालू नको.

ती म्हणली, बरं काकू.